ताईचं स्वच्छ रक्त

३ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न फोडताच टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता भिंगरीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. रागावून वाच, पण वाच. आशीर्वाद शेवटी देते. आधीच दिला तर म्हणशील, म्हातारी गोड बोलून कात्री चालवणार.

भिंगरीवर चिडू नकोस. तुझी लेक मावशीकडे आली ती काही चोरून नाही आली, कोट घेऊन आली. तुझा तो राखाडी, कोपराला भोक पडलेला. दुकानाच्या दारात उभी राहून म्हणते, "आई म्हणाली, कुठूनही रफू करून आण. 'कुठूनही'मध्ये तू येतेस ना गं?" एकोणीस वर्षांची झाली आणि बोलणं वकिलासारखं. कोणावर गेली म्हणून विचारायला नको.

मी कोट उलटा करून बघत होते. रफूचा दोरा बाजारातून आणून चालत नाही, त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून सोडवून घ्यावा लागतो. तो शोधता शोधता भिंगरी बोलत होती आणि मी ऐकत होते. तुमच्या छापखान्यात छातीच्या तपासणीची गाडी आली होती म्हणे. बांधणी विभागातल्या सगळ्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. तुझा नंबर जवळ आला तेव्हा तू मागचीला म्हणालीस, "तू हो पुढे, माझं पोट दुखतंय." आणि घरी आलीस. भिंगरी म्हणाली, "मावशी, आई हल्ली आंघोळीला फार वेळ लावते. बाहेर येते तेव्हा डोळे लाल असतात. विचारलं तर म्हणते, साबण गेला."

साबण. धाकटे, मी तुला लहानपणी आंघोळी घातल्यात. डोळ्यांत साबण गेला की तू अख्खी चाळ डोक्यावर घ्यायचीस. गप्प कधी राहिलीस?

तीन वर्षांपूर्वी भिंगरीच्या वाढदिवसाला मी जे बोलले ते बोलायला नको होतं. केक कापायच्या आधी सोळा वर्षांच्या पोरीला म्हणाले, "आणखी थोड्या वर्षांनी तुलाही तपासून घ्यावं लागेल हो." सगळे चमचे थांबले. भाऊजी म्हणाले, "ताई, पुरे." आणि तू मला जिन्यापर्यंत सोडायला आलीस आणि म्हणालीस, "माझ्या घरी यायचं तर एकटी ये. यमाला पाहुणा म्हणून बरोबर आणू नकोस." तेव्हापासून मी आले नाही. एकटी कशी येऊ? तो माझ्या मागे मागेच असतो. आईला बेचाळिसाव्या वर्षी कॅन्सर निघाला आणि तुला आता एक्केचाळीस सरत आलंय. हे मी दिनदर्शिका न बघता सांगू शकते. तूही सांगू शकतेस, म्हणूनच साबण जातो डोळ्यांत.

आईने काय केलं ते तुला पुरतं ठाऊक नाही, तू पाच-सहाची होतीस. धुलाईघरात उभ्या उभ्या इस्त्री करायची. काखेजवळ गाठ लागली तर म्हणाली, इस्त्रीच्या वजनाने शीर धरलीय. मग पदराखाली हात ठेवायला लागली. मग उजव्याऐवजी डाव्या हाताने इस्त्री करायला लागली. डावी इस्त्री करायला शिकली गं ती, पण कोणाला दाखवायला गेली नाही! कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

म्हणून सांगते, जा. घाबरण्यासारखं तिथे काही नाही. मी गेली कितीतरी वर्षं नेमाने जाते. थंडगार पाट्यांमध्ये छाती दाबतात, जीव जरा कळवळतो, संपलं. माझं दरवेळी स्वच्छ येतं. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी माझं रक्तही तपासायला पाठवलं. आईकडून मुलींकडे एखादा दोष उतरतो, तो आहे का बघायला. तेही स्वच्छ निघालं. बघ, भीती घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. तूही तशीच येशील.

कोट भिंगरीबरोबर पाठवते. कोपर शोधून दाखव.

आता आशीर्वाद. घेशील तेवढे घे.

तुझी
ताई


१४ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी पाकिटालाच हात फिरवत बसले. मग वाचलं. आणि आता सुईत दोरा जात नाहीये.

तू लिहिलंयस, ते तुलाच परत वाचून दाखवते, म्हणजे तुझं तुला ऐकू येईल:

"ताई, तुझ्या पत्राने मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. तुला सांगितलं नव्हतं, कोणालाच नव्हतं, पण छापखान्यातून पळून आल्यावर माझी मलाच लाज वाटली आणि मी दवाखान्यात वेळ घेतली होती. पुढच्या गुरुवारची. तुझं पत्र वाचलं आणि रद्द करून टाकली. एका आईच्या आपण दोघी. तू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तुझं रक्त स्वच्छ म्हणजे आपलं रक्त स्वच्छ. जे आईला झालं ते आईबरोबर गेलं. तू हे आधी सांगितलं असतंस तर भांडणच झालं नसतं. कोपर सापडलं नाही. कसं करतेस गं?"

अगं, वेळ घेतली होतीस! स्वतःहून! आणि माझ्या पत्राने रद्द केलीस! मी तुला दाराशी नेऊन सोडायला निघाले होते, आणि दाराला बाहेरून कडी मीच घातली.

तुझं पत्र घेऊन मी तशीच दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाई मला ओळखतात, त्यांच्या गणवेशाची चेन मीच बदलून देते. त्यांनी पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या दुकानात बटणांचा डबा आहे ना? समजा त्यात पांढरी आणि काळी बटणं मिसळलीत. दोन पोरींनी डोळे मिटून एकेक उचललं. थोरलीच्या मुठीत पांढरं निघालं म्हणून धाकटीच्या मुठीत काळं नसेलच, असं कोणी सांगितलं?"

कळतंय ना? प्रत्येकीने आपापल्या हाताने उचललेलं असतं. माझ्या मुठीतलं बघून तुझ्या मुठीतलं सांगता येत नाही. आणि मूठ तर तू उघडतच नाहीयेस.

त्या म्हणाल्या, काळं निघालं तरी त्याचा अर्थ आजार झालाच, असा नाही. आईला झालेला असूनही ज्यांना आयुष्यभर काही होत नाही अशाच मुली जास्त. फक्त आईला पन्नाशीच्या आत निघाला असेल तर मुलीकडे लवकर आणि नेमाने बघत राहायचं, एवढंच. आईच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून. मी बोटांवर मोजलं. तुझं बत्तिसावं कधीच मागे गेलं.

वडिलांकडचंही विचारतात बरं का. त्यांच्या बहिणी, त्यांची आई. बापाकडूनही उतरतं. मला वाटायचं, बापाकडून फक्त नाक उतरतं.

वेळ परत घे. तुझ्या पाया पडते. थोरलीने धाकटीच्या पाया पडू नये म्हणतात, पण मी लिहूनच पडतेय, कोण बघतंय.

ताई


२२ मार्च

धाकटे,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. "बटणांचा डबा दुकानातच ठेव. एकाच ठाणाचं कापड आहे आपण, एक टोक नीट निघालं की मी निर्धास्त." खाली तू एक हसरं तोंड काढलंयस. लहानपणी काढायचीस तसंच, कान नसलेलं.

तीन वर्षं हसली नव्हतीस माझ्याशी. आता हसलीस आणि मला ते हसू पुसावं लागतंय.

या पत्राची सुरुवात मी पुन्हा पुन्हा केली. एकदा मधेच गिऱ्हाईक आलं तर बरंच वाटलं. पँट आखूड करायची होती, इतकी सावकाश केली की तो माणूस म्हणाला, "मावशी, तोवर मी उंच होईन." तो गेला. आता दुकानाला कडी घालून बसलेय. भर दुपार आहे, बाहेर ऊन आहे, आणि मी आत दिवा लावून लिहितेय.

मी आईच्या पोटची नाही.

लिहिलं. आता पुढचं सोपं आहे. सोपं नाही, पण निदान उताराचं आहे.

धुलाईघरात मोठ्या चादरी एकटीला पिळता येत नाहीत. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. आईच्या समोरचं टोक धरणारी एक जोडीदारीण होती. अंगाने काटकुळी, बोलायला तिखट, आई म्हणायची. तिला दिवस गेले. कोणाचे, ते तिने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. मूल झालं आणि आठवड्याच्या आत ती तापाने गेली. आईच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. आईने ते मूल धुतलेल्या टॉवेलांच्या टोपलीत घालून घरी आणलं. वडिलांनी टोपलीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "हे कोणाचं राहिलंय?" आई म्हणाली, "आपलंच राहिलं होतं, आज मिळालं."

मग त्यांनी घर बदललं. नव्या शेजाऱ्यांना आई सांगायची, हिचं नाक-डोळे सगळं माझ्यावर गेलंय. लोकही मान डोलवायचे. आणि बारा वर्षांनी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तू झालीस.

मला तिने हे सांगितलं ते शेवटच्या आजारपणात, एका दुपारी, मी तिची पाठ पुसत असताना. म्हणाली, "तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे, ती तुला देऊन टाकते." आणि सांगितलं. मी पाठ पुसायची थांबले नाही, टॉवेल दोनदा पिळला. मग म्हणाली, "धाकटीला मात्र कधी सांगू नकोस. बहिणी बहिणी भांडणारच. भांडलात की ती पहिला दगड हाच उचलेल."

आता तो दगड मीच तुझ्या हातात देतेय. वजनदार आहे, सांभाळ.

दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ते सरळ वयाप्रमाणे, चाळिशी झाली म्हणून. नव्या डॉक्टरीणबाई होत्या, पोरसवदा. त्यांनी विचारलं, "आईला होता का?" मी म्हटलं, "हो." "कितव्या वर्षी?" "बेचाळिसाव्या." सख्खी आई का, असं त्यांनी विचारलं नाही. असं कोण कोणाला विचारतं? आणि खरं सांगते धाकटे, विचारलं असतं तरी मी "हो"च म्हटलं असतं. तुझे हात तिचे आहेत. तुझा आवाज तिचा आहे. तू शिंकतेससुद्धा तिच्यासारखी, घर हलवून. माझ्याकडे तिचं काय होतं? म्हटलं, तिची भीती तरी माझी असू दे. तिच्या पोरीला जी लागते ती मलाही लागू दे.

एकदा झाडावर चढले, मग उतरता येईना. दर वर्षी जायचं, दर वर्षी तेच सांगायचं. सांगता सांगता ते इतकं खरं झालं की रांगेत उभी असताना मी खरोखर देवाचं नाव घ्यायचे. रक्त तपासायचं ठरलं तेव्हाही मी दंड पुढे केला. आणि निकाल स्वच्छ आला तेव्हा मी रडले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, आनंदाने. त्यांनी मला पाणी दिलं.

मला दुःख झालं होतं गं. वाटलं होतं, निदान त्या कागदावर तरी मी तिची मुलगी निघेन.

आता तुझ्या ध्यानात आलं असेल. माझं रक्त स्वच्छ आहे ते आपलं रक्त स्वच्छ म्हणून नव्हे. त्या डब्यात मी हात घातलाच नव्हता. घातलास तो तू एकटीने. तुझ्या मुठीत काय आहे ते जगात कोणी पाहिलेलं नाही. आणि तू माझी उघडी मूठ बघून निर्धास्त झोपतेयस.

काल मी नर्सबाईंकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. मग विचारायला लागल्या, "मग तुमच्या आईच्या घरात कोणाला?" "ठाऊक नाही." "वडिलांच्या?" "ठाऊक नाही." "आत्या, मावशा, आजी?" मी म्हटलं, "बाई, मी टोपलीतून आले." त्या हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या आणि माझा हात धरला. म्हणाल्या, "मग तुम्हाला तुमच्या वयाच्या कोणत्याही बाईइतकंच धरायचं. पुढची तारीख चुकवू नका. आणि आतड्याची तपासणी कधी केलीत? गर्भाशयाच्या तोंडाची?"

कधीच नाही, धाकटे. एकाही वर्षी नाही. आईचा आजार माझाच म्हणून त्याच एका दारावर पहारा देत बसले आणि घराची बाकीची दारं सताड उघडी. त्या माझ्यावर ओरडल्या. चांगलं वाटलं. बऱ्याच वर्षांनी माझ्याच भल्यासाठी माझ्यावर कोणी ओरडलं.

दगड मारायचा तर मार. पण आधी वेळ घे. मग मार.

सही काय करू कळत नाही. जे आधी करत होते तेच करते.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

उत्तर नाही.

भिंगरी काल येऊन गेली. तिला काही ठाऊक नाही, मी सांगितलं नाही. म्हणाली, "आईने तुझं पत्र वाचलं, घडी घातली, आणि कपाटातल्या सगळ्या चादरी बाहेर काढून पुन्हा घड्या घालत बसली. बाबा म्हणाले, झोपायचं कशावर? तर म्हणाली, जमिनीवर." भाऊजींना माझ्यामुळे जमिनीवर झोपावं लागलं, त्यांना सॉरी सांग.

मी विचारलं, "वेळ घेतली का तिने?" भिंगरीने खांदे उडवले. मी विचारलं, "आंघोळीला अजून वेळ लावते?" तर म्हणाली, "जास्तच."

धाकटे, मला भीती वाटते. आधी एकच होती, आता दोन झाल्यात आणि दोघी एकमेकींना ढकलतायत. एक म्हणते, बहीण गेली हातची. दुसरी म्हणते, गेली तर जाऊ दे, पण जगू दे. दुकानात बसते आणि रस्त्यावरून राखाडी कोटातली कोणी गेली की मान वर होते. काल एका बाईने ब्लाउज घट्ट होतो म्हणून काखेत सैल करायला आणला. मी टेप धरली आणि विचारलं, "एकाच बाजूला घट्ट होतो का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. दोन्ही बाजूंना होत होता, बाई जाडी झाली होती. पण मी दोन्ही काखा पुन्हा पुन्हा मोजल्या, ते तिने पाहिलं.

तू मला परकी म्हण. मोठ्याने म्हण. जिन्यावर उभी राहून म्हण. उत्तरही लिहू नकोस, उत्तरासाठी मी हे लिहीत नाही. फक्त भिंगरीबरोबर एखादा कपडा पाठव, काहीही, फाटका नसला तरी चालेल. मी समजेन की तू वेळ घेतलीस.

नाही पाठवलास तर मी पुन्हा लिहीन. टोपलीतलं पोर चिवट असतं.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

हे पत्र तुला टपालाने येणार नाही. तू त्या दारातून बाहेर आलीस की हातात देईन. पिशवीत दुकानाच्या पावत्यांचा गठ्ठा होता, त्याच्याच पाठीवर लिहितेय, कारण हाताला काही काम दिलं नाही तर मी या बाकाच्या फटीतून खिळा उपसून काढीन.

सकाळी तू दुकानात आलीस तेव्हा मी तोंडात टाचण्या धरून बसले होते. तू दारात उभी. कोट अंगात नाही, हातात. मला वाटलं, परत द्यायला आलीस. रफूसकट सगळं परत.

तू म्हणालीस, "दुकान बंद कर."

मी टाचण्यांमधून म्हटलं, "का?"

"चल."

"कुठे?"

"जिथे तू मला इतकी वर्षं ढकलत होतीस तिथे. आणि त्या टाचण्या काढ आधी, गिळशील. एक तपासायला जायचं तर दोघींना आत ठेवून घेतील."

बसमध्ये माझ्या शेजारी जागा होती, तरी उभी राहिलीस. मी तुझ्या हाताकडे बघत होते, वर कडीला धरलेल्या. आईचा हात. मनात म्हटलं, आता उतरल्यावर म्हणेल, इथून पुढे मी एकटी जाते.

मग खिडकीपाशी नर्सबाई. त्यांनी तुला ओळखलं नाही, मला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. शहाणी बाई. तुला विचारायला लागल्या.

"आईला होता?"

"हो. बेचाळिसाव्या वर्षी. उजवीकडे."

"वडिलांकडे कोणाला?"

"एका आत्याला पोटाचा काहीतरी होता. विचारून सांगते."

"बहीण आहे?"

तू म्हणालीस, "आहे."

"तिला कधी काही?"

"नाही. पण ते धरू नका."

नर्सबाईंनी मान वर केली. त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांना तुझ्याकडून ऐकायचं होतं. मी माझ्या चपलांकडे बघत होते. डावीचा अंगठा सुटलाय, शिवायला हवा. आपल्या मागे रांगेत एक अनोळखी बाई पाकीट घेऊन उभी होती, ती नाक खुपसून म्हणाली, "का हो, सावत्र आहे का?"

तू मागे वळलीस. धाकटे, तुला मी पुष्कळदा रागावलेलं पाहिलंय, पण असं नाही.

"तोंड सांभाळा," तू म्हणालीस. "सख्खी आहे." आणि मग खिडकीकडे वळून, हळू, "फक्त तुमच्या हिशेबात धरू नका."

आता लिहितेय ते नीट दिसत नाहीये. साबण गेलाय म्हण.

आत जाताना तू पिशवी माझ्या मांडीवर टाकलीस, वर कोट टाकलास आणि म्हणालीस, "इथून हलू नकोस." म्हटलं, "नाही हलत." म्हणालीस, "लघवीलासुद्धा नाही." हो बाई.

वाटलं होतं, तुला इथपर्यंत आणलं की माझी भीती जाईल. गेली नाही. उलट आता ती त्या दाराच्या पलीकडे तुझ्याजवळ जाऊन बसलीय आणि मी इथून तिला बघू शकत नाही. तुझ्यानंतर आत गेलेली एक बाहेर येऊन गेलीसुद्धा, केसांना चाप लावत, हसत. तुला का उशीर? नर्सबाई एकदा बाहेर आल्या, मी उठले, तर म्हणाल्या, "बसा मावशी, फोटो पुन्हा काढतायत, नीट आला नव्हता." फोटो नीट आला नव्हता म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. तू लहानपणी फोटोत कधी स्थिर उभी राहिलीस, म्हणून मी स्वतःला समजावते. पण मग पाटीवर छाती दाबलेली असताना तू थरथरत असशील, हे मनात येतं आणि समजूत मोडते.

काहीही निघो. पांढरं निघो, काळं निघो, दर सहा महिन्यांनी ये म्हणोत. येऊ. मलाही पुढच्या आठवड्यात आतड्यासाठी बोलावलंय, तूच घेऊन ये मला. त्या दिवशी तू या बाकावर बस आणि बघ कसं वाटतं ते.

कोटाच्या कोपरावर बोट फिरवतेय. तू म्हणालीस सापडलं नाही. मला सापडतं. कोटाच्या आतल्या दुमडीत दोरा पुरला नव्हता, शेवटचे चार टाके माझ्या जुन्या शालीतल्या दोऱ्याचे आहेत. दोन धुण्यांनी रंग वेगळा दिसेल, तेव्हा घेऊन ये. नाहीतर राहू दे तसंच, उबेला काही कमी नाही.

दार उघडलं.

दुसरीच कोणी. पुन्हा बंद झालं.

ती पाकीटवाली बाई माझ्या शेजारी बसायला आली होती. मी तुझी पिशवी बाकावर ठेवली आणि म्हटलं, "इथे माझी बहीण बसलीय."